शाळा ३६५ दिवस चालवली, तर मागे पडलेली मुले पुढे येतील का?

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यात हिवाळी नावाचे छोटे आदिवासी गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे व्हिडिओ अनेकांच्या मोबाइलवर येऊन गेले असतील. मुले दोन्ही हातांनी एकाच वेळी लिहितात, मोठमोठे पाढे न अडखळता म्हणतात, राज्यघटनेतील कलमे सांगतात. शिक्षक केशव गावित यांची ही शाळा वर्षाचे ३६५ दिवस आणि दिवसाचे सुमारे बारा तास चालते, म्हणून ती राज्यभर चर्चेत आली.

असा व्हिडिओ आला की खाली एक सूचना हमखास दिसते: "सगळ्याच शाळा अशा चालवा, सुट्ट्या कमी करा." पाचवीत जाऊनही दुसरीचा धडा वाचता न येणाऱ्या मुलाच्या पालकांना ही सूचना पटते. पण शाळेचे दिवस वाढवणे हा अशा मुलांसाठी खरोखर चांगला उपाय आहे का? की तोच पैसा आणि तीच मेहनत दुसरीकडे लावली तर जास्त उपयोग होईल?

थोडक्यात उत्तर

- शाळेचे दिवस वाढवल्याने सरासरी थोडा फायदा होतो. पण त्या दिवसांत काय शिकवले जाते, यावर तो अवलंबून असतो.
- मूल पाठ्यपुस्तकाच्या दोन-तीन इयत्ता मागे असेल, तर त्याच पुस्तकाचे आणखी वीस दिवस त्याच्या फारसे कामाचे नसतात.
- अशा मुलांना त्यांच्या पातळीनुसार छोट्या गटात रोज तास-दोन तास शिकवणे, हा भारतात तपासला गेलेला आणि तुलनेने स्वस्त उपाय आहे.
- मूल शाळेतच नसल्यामुळे मागे पडले असेल (स्थलांतर, आजारपण, शेतीचा हंगाम), तर त्याला गेलेले दिवस परत मिळायला हवेत. तिथे जादा दिवसांचा अर्थ आहे.

सध्या शाळा किती दिवस चालते?

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन व्हायला हवे. म्हणजे पाचवीपर्यंत दिवसाला सरासरी चार तास.

महाराष्ट्रात रविवार सोडून वर्षभरात जास्तीत जास्त ७६ सुट्ट्या देता येतात. दिवाळी, उन्हाळा, सणवार सगळे त्यातच. हिशेब सोपा आहे: ३६५ मधून ५२ रविवार आणि ७६ सुट्ट्या वजा केल्या की २३७ दिवस उरतात. म्हणजे कागदावर प्राथमिक शाळेकडे कायद्याच्या किमान मर्यादेपेक्षा ३७ दिवस आधीच जास्त आहेत.

अडचण कागदाबाहेर आहे. निवडणूक आणि जनगणनेची कामे शिक्षकांना कायद्यानेच करावी लागतात. त्याशिवाय माहिती भरणे, बैठका, प्रशिक्षणे, सर्वेक्षणे असतात. दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक बाहेर गेला की चार-पाच वर्ग एकाच्याच अंगावर पडतात. शाळा उघडी असते, हजेरी लागते, पण शिकवणे अर्धेच होते. वार्षिक परीक्षा लवकर आटोपली तर त्यानंतरचे दिवसही असेच जातात. त्यामुळे नवे दिवस जोडण्याआधी आहेत ते दिवस वाचवणे ही पहिली पायरी ठरते. तिला वेगळी इमारत लागत नाही आणि जादा पगारही लागत नाही.

महाराष्ट्रात असे प्रयत्न झाले आहेत का?

हो, गेल्या काही वर्षांत तीन वेळा, आणि तिन्ही वेळचा मार्ग वेगळा होता.

पहिला, २०२१ चा सेतू अभ्यासक्रम. करोनामुळे वर्ग बंद होते. दुसरी ते दहावीच्या मुलांसाठी १ जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू आखला गेला आणि त्यात मागच्या इयत्तेच्या अभ्यासाची उजळणी होती. इथे वर्ष लांबवले नाही. नव्या वर्षाचे पहिले दीड महिने मागची कसर भरून काढायला दिले.

दुसरा, एप्रिल २०२२. करोनात बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी पहिली ते नववी आणि अकरावीचे वर्ग एप्रिलअखेरपर्यंत पूर्ण वेळ भरवण्याचा आदेश निघाला. रविवारची शाळा ऐच्छिक होती.

तिसरा, एप्रिल २०२५. पहिली ते नववीच्या परीक्षांसाठी राज्यभर एकच वेळापत्रक ठरले आणि त्या ८ ते २५ एप्रिलदरम्यान घेण्यात आल्या. परीक्षा लवकर संपून एप्रिल वाया जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. शिक्षक संघटना आणि पालकांनी उन्हाचे कारण देत विरोध केला. नाशिक जिल्ह्यात हा मुद्दा किरकोळ नाही. मालेगाव परिसरात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही आणि अनेक शाळांचे छत पत्र्याचे आहे. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो, पण एप्रिल-मे महिन्यांत अनेक पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. शाळेत पिण्याचे पाणी नसेल, तर जादा दिवसाचा उपयोग किती होईल हे वेगळे सांगायला नको.

दिवस वाढवल्याने मुले जास्त शिकतात का?

जगभरचा अनुभव "थोडी शिकतात" असा आहे.

पश्चिम जर्मनीने शाळेचे वर्ष वसंताऐवजी शरदात सुरू करण्यासाठी १९६६-६७ मध्ये दोन छोटी शालेय वर्षे घेतली. सुमारे ३७ आठवड्यांचे वर्ष सुमारे २४ आठवड्यांवर आले. नंतरच्या अभ्यासात दिसले की, त्या काळात एकाच इयत्तेत पुन्हा बसणारी मुले वाढली आणि वरच्या दर्जाच्या शाळांत जाणारी मुले घटली. मोठेपणीच्या कमाईवर मात्र वाईट परिणाम आढळला नाही. म्हणजे दिवस कमी केल्याचा फटका बसतो, आणि तो सर्वांत आधी काठावरच्या मुलांना बसतो.

चिलीने १९९७ पासून शाळेचा दिवसच मोठा केला. तासांत सुमारे ३० टक्क्यांची वाढ झाली. त्यासाठी नवे वर्ग बांधावे लागले. मुलांच्या गुणांतला फायदा दिसला, पण तो लहान होता.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात वेक काउंटी नावाचा शिक्षण विभाग आहे. तिथल्या काही शाळांनी लांब उन्हाळी सुट्टी मोडून ती वर्षभर तुकड्यातुकड्यांत दिली. एकूण दिवस तेवढेच राहिले. मुलांच्या गुणांत सरासरी काहीच फरक पडला नाही. वेळापत्रकाची नुसती फेरमांडणी म्हणजे जास्तीचे शिकवणे नव्हे, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

ब्रिटनमधील एज्युकेशन एंडोमेंट फाउंडेशन ही संस्था जगभरच्या अभ्यासांचा गोषवारा काढते आणि फायदा "किती महिन्यांची जादा प्रगती" अशा भाषेत सांगते. तिच्या मांडणीत शाळेची वेळ वाढवण्याचा फायदा सरासरी सुमारे तीन महिने, उन्हाळी वर्गांचा तेवढाच आणि छोट्या गटातल्या शिकवणीचा सुमारे चार महिने आहे. एकाच इयत्तेत पुन्हा बसवण्याचा परिणाम मात्र सरासरी उणे आहे. हे आकडे श्रीमंत देशांतील शाळांवर जास्त आधारलेले आहेत, त्यामुळे ते इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण पर्यायांचा क्रम लावायला त्यांचा उपयोग होतो.

मग मूल मागे नेमके कशामुळे पडते?

हा प्रश्न आधी विचारला नाही, तर उपाय चुकतो. ढोबळमानाने कारणे तीन.

पहिले: धडा मुलाच्या डोक्यावरून जातो. असर २०२४ या पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांमधील तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्केच मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. हा आकडा २०२२ पेक्षा चांगला आहे, तरी चारपैकी तीन मुले मागेच आहेत. शिक्षक मात्र वर्गाला तिसरीचे पुस्तक शिकवतो, कारण अभ्यासक्रम संपवायचा असतो. असे मूल रोज शाळेत येऊनही दर वर्षी आणखी मागे पडत जाते.

दुसरे: मूल शाळेतच नसते. पेठ, सुरगाणा भागातील अनेक कुटुंबे खरिपाचे काम आटोपले की दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला, वीटभट्ट्यांवर किंवा ऊसतोडीला जातात आणि पावसाच्या तोंडावर भात-नागलीसाठी गावी परततात. कळवण, सटाणा, देवळा, चांदवड, येवला भागात उन्हाळ कांद्याची काढणी मार्च-एप्रिलमध्ये येते. तेव्हा मोठी मुले शेतावर असतात किंवा धाकट्या भावंडांना सांभाळत घरी थांबतात.

तिसरे: मुलाची गरजच वेगळी असते. ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, अध्ययन अक्षमता, किंवा घरची भाषा कोकणा अथवा महादेव कोळी समाजाची बोली असणे आणि शाळेत एकदम प्रमाण मराठी समोर येणे.

जादा दिवसांचा सरळ उपयोग दुसऱ्या कारणावर होतो, तोही ते दिवस मूल गावात असताना आले तरच. पहिल्या कारणासाठी शिकवण्याची पद्धत बदलावी लागते आणि तिसऱ्यासाठी त्या मुलापुरती योजना लागते.

पर्याय १: इयत्तेऐवजी पातळीनुसार गट

या पर्यायाचे मूळ महाराष्ट्रातच आहे. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने नगरपालिका शाळांमध्ये 'बालसखी' उपक्रम राबवला. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळेतच रोज सुमारे दोन तास वेगळे बसवायचे. १५-२० मुलांच्या गटाला वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी अक्षरओळख आणि अंकगणित शिकवायची. २००१ ते २००३ दरम्यान मुंबई आणि वडोदऱ्यात या उपक्रमाची शास्त्रीय चाचणी झाली. मुलांचे गुण ठळकपणे वाढले आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला. उपक्रम थांबल्यावर वर्षभराने मात्र त्यातला बराच फायदा ओसरला. म्हणजे एकदा करून सोडून देण्याचे हे काम नाही. या अभ्यासातील अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

हीच पद्धत २०१३-१४ मध्ये उत्तर प्रदेशात शिबिरांच्या रूपात तपासली गेली. १०-२० दिवसांची शिबिरे, वर्षभरात एकूण सुमारे ५० दिवस, बहुतेक शाळेच्या वेळेतच. त्या शाळांत परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण शिबिरे न झालेल्या शाळांच्या सुमारे दुप्पट झाले.

महाराष्ट्रात निपुण अभियानातून याच दिशेने पावले पडली आहेत. ५ मार्च ते ३० जून २०२५ या काळात दुसरी ते पाचवीच्या मुलांचे वाचन, लेखन आणि गणित तपासून पातळीनुसार कृती कार्यक्रम घेण्यात आला. त्याच्या यशाची खरी कसोटी वर्गात लागते. मुलांची पातळी नुसती नोंदवली की त्यानुसार गट करून शिकवलेही, यावर सगळे अवलंबून आहे.

पर्याय २: सगळ्यांसाठी नव्हे, गरजू मुलांसाठी उन्हाळी वर्ग

बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच महिनाभराची शिबिरे घेतली आणि मुलांच्या वाचनात सुधारणा दिसली. पण वर्ष सुरू झाल्यावर तशाच प्रशिक्षणाचा आणि साहित्याचा नेहमीच्या वर्गात फारसा परिणाम झाला नाही. शिक्षक पुन्हा पुस्तक संपवण्याकडे वळले होते. सुट्टीत अभ्यासक्रमाचे ओझे नव्हते, म्हणून ते मुलाच्या पातळीवरून शिकवू शकले.

महाराष्ट्रात २०२२ पासून 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात माता पालक गट तयार झाले. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आया गल्लीत किंवा पाड्यावर एकत्र बसून मुलांकडून खेळ आणि कृती करून घेतात. मुलाला उन्हात शाळेपर्यंत चालत जावे लागत नाही.

सुट्टीत वर्ग घ्यायचे, तर जेवणाचाही विचार हवा. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला होता. गरीब घरातल्या मुलासाठी शाळेतली खिचडी हे येण्याचे मोठे कारण असते.

पर्याय ३: मुलाला गावातच ठेवण्याची सोय

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे. आई-वडील कामावर गेले तरी मूल गावात राहते, जेवते आणि त्याच शाळेत जाते. जे मूल सोबत जाते त्याला शिक्षण हमी कार्ड मिळते, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता येते. द्राक्षाच्या हंगामात चार महिने गैरहजर राहणाऱ्या मुलाला मे महिन्यातले पंधरा जादा दिवस ती भरपाई देऊ शकत नाहीत.

परतलेल्या मुलांसाठी सर्वांत सोयीचा काळ जुलै-ऑगस्ट असतो. कुटुंब गावात असते, ऊन नसते, शाळा सुरू असते. पातळी तपासून वेगळे गट लावायचे तर तेव्हाच. आश्रमशाळांत मुले तिथेच राहत असल्याने संध्याकाळच्या तासाचा असाच उपयोग करता येतो.

पर्याय ४: पुनर्परीक्षा आणि त्याच इयत्तेत बसवणे

२०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि राज्यांना पाचवी-आठवीत परीक्षा घेऊन अनुत्तीर्ण मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्राने २०२३-२४ पासून ती लागू केली. मात्र अट आहे: आधी मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचे, निकालानंतर दोन महिन्यांत पुनर्परीक्षा घ्यायची आणि तरीही जमले नाही तरच त्याच वर्गात ठेवायचे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुणालाही शाळेतून काढता येत नाही.

निकाल मेच्या सुरुवातीला आणि पुनर्परीक्षा जूनमध्ये, म्हणजे हे मार्गदर्शन नेमके उन्हाळी सुट्टीत येते. ते झाले तर तो गरजू मुलांसाठीचा उन्हाळी वर्गच ठरतो. झाले नाही, तर मूल न शिकताच तीच परीक्षा पुन्हा देते.

दिव्यांग मुलांचे काय?

इथे दिवस वाढवण्याला वेगळे महत्त्व आहे. काही मुले सुट्टीत मिळवलेले कौशल्य गमावतात आणि ते परत मिळवायला त्यांना इतरांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. अमेरिकेच्या कायद्यात अशा मुलांसाठी वाढीव शालेय वर्षाची तरतूद आहे, पण ती सरसकट नाही. प्रत्येक मुलाच्या स्वतंत्र योजनेत गरज पाहून ती ठरते.

खर्चाचा हिशेब

एका शाळेत ४० मुले आहेत आणि त्यातली १२ मागे पडली आहेत, असे धरू.

- वर्ष २० दिवसांनी वाढवले: दिवसाला ४ तास धरून ८० तास मिळाले. शिकवणे सगळ्या वर्गाला एकाच पातळीवर. खर्च ४० मुलांच्या जेवणाचा, शिवाय पाणी, वीज आणि शिक्षकांच्या गेलेल्या सुट्टीची भरपाई.
- आहेत त्या दिवसांत रोज एक तास पातळीनुसार गट: २०० दिवसांत २०० तास. १२ मुलांना थेट त्यांच्या पातळीवर. नवा खर्च साहित्याचा, आणि शिक्षक कमी असतील तर एका स्वयंसेवकाचा.
- फक्त १२ मुलांसाठी २० दिवसांचा उन्हाळी वर्ग, सकाळी तीन तास: ६० तास. एक शिक्षक किंवा स्वयंसेवक, १२ मुलांचे जेवण.

हिवाळीकडून काय घ्यायचे?

हिवाळीसारखीच पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातली कर्डेलवाडीची जिल्हा परिषद शाळाही ३६५ दिवस चालण्यासाठी ओळखली जाते. दोन्ही शाळा लहान आहेत, शिक्षक स्वतःहून वेळ देतात आणि गाव पाठीशी आहे. एका व्यक्तीच्या ध्यासावर उभे असलेले काम आदेश काढून हजारो शाळांत उभे राहत नाही. बारा तास शाळेत थांबणे ही कुणाची इच्छा असू शकते, नोकरीची अट नव्हे. दिवस किती, यापेक्षा शिक्षकाला प्रत्येक मूल कुठे अडले आहे हे ठाऊक असणे मात्र कोणत्याही शाळेला घेता येईल. कायदाही तेच सांगतो. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासणे आणि गरजेप्रमाणे जादा मार्गदर्शन देणे, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार शिक्षकाचे कर्तव्य आहे.

पालकांनी शाळेत काय विचारावे?

- माझे मूल आज कोणत्या पातळीचे वाचते? अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट?
- गणितात ते कुठे अडते? हातच्याची वजाबाकी की भागाकार?
- मागे असलेल्या मुलांसाठी रोज वेगळा तास आहे का? तो कोण घेते?
- मूल किती दिवस गैरहजर होते, आणि बुडालेले कसे भरून काढणार?
- पाचवी-आठवीत पुनर्परीक्षा असेल, तर त्याआधीचे वर्ग कधी आणि कुठे आहेत?

हे प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही मांडता येतात. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि शाळेच्या विकासाचा आराखडा करणे हे समितीचे काम आहे. पहिल्या तीन प्रश्नांची नेमकी उत्तरे मिळाली, तर जादा दिवस हवेत की नाही हे त्या शाळेपुरते ठरवता येईल. उत्तरे मिळालीच नाहीत, तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.